गोणीतला बटाटा आणि दहा गुंठ्यांची गोष्ट

जेवणं उरकली असतील तर बसून ऐका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. आजची गोष्ट तुमच्या टोपलीतच आहे. कांद्याशेजारी पडलेला असतो ना, त्या बटाट्याची.

मागच्या महिन्यात एका गटाकडून प्रश्न आला होता : "आम्हाला शेत नाही. घरामागं चार-सहा हात जागा आहे. तिथं गोणीत बटाटा लावला तर येतो का?" उत्तर एका शब्दात देते. येतो. कसा लावायचा तेही शेवटी सांगते. पण आधी आमच्या गटाची फजिती ऐका, म्हणजे ही सगळी हकिगत मी का सांगते आहे ते कळेल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या अकरा जणींनी परसात गोण्या मांडल्या. बियाणं एकाच दुकानातून आणलं, एकच वाण, एकच पोतं. ओट्यावर बसून वाटून घेतलं. नोव्हेंबरात लावलं. डिसेंबरात झाडं अशी तरारली की येणारी-जाणारी थांबून बघायची. मग चार दिवस आभाळ आलं, सकाळी दाट धुकं, मध्येच भुरभुर. पानांवर पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग दिसले. पान उलटून बघितलं तर खाली पांढरी बुरशी. आठ दिवसांत गोण्यांतली झाडं माना टाकून काळी पडली. वाचल्या फक्त तीन गोण्या. त्या एकीनं माहेराहून आणलेल्या दुसऱ्या वाणाच्या होत्या. डाग त्यांच्यावरही पडले, पण झाडं तगली आणि बटाटे हाती लागले.

तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. नंतर मी बटाट्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले, आणि कळलं की आमच्या परसात जे झालं ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या देशात झालं होतं. आमच्या फक्त गोण्या गेल्या. तिथं माणसं गेली.

उपासाच्या ताटातले पाहुणे

सुरुवात आपल्या ताटापासून करू. एकादशीला आपण काय खातो? साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी. सोबत रताळ्याचा कीस. हे सगळं आपण उपासाचं, सोवळ्याचं मानतो. आता गंमत बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा आणि रताळं, ही पाचही पिकं मूळची अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबसाचं जहाज तिकडं पोचलं, त्यानंतर ती जगभर फिरली. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, आपल्या मुलखात कुणी बटाटा खाल्ला नव्हता आणि मिरचीचा ठेचाही वाटला नव्हता.

आपल्याकडे बटाटा आणला पोर्तुगिजांनी. म्हणून तर हिंदीत 'आलू' आणि आपल्याकडे 'बटाटा'. कोबी, अननस, पगार हे शब्दही त्यांच्याच भाषेतून आले. आणि 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांचाही नाही. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. युरोपातल्या लोकांनी दोन्ही कंदांची गल्लत केली आणि रताळ्याचं नाव या दुसऱ्या कंदाला चिकटलं.

सुनेला रडवणारा बटाटा

बटाट्याचं खरं माहेर दक्षिण अमेरिकेत, आंदीज नावाच्या डोंगररांगेत. पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या हद्दीवर तितिकाका नावाचं मोठं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी तिथवर पोचत नाहीत. त्या भागात सात-आठ हजार वर्षांपूर्वी लोकांनी रानटी बटाटा माणसाळवला. रानटी बटाटा कडू आणि विषारी असतो. त्यातला कमी कडू निवडायचा, पुढच्या वर्षी तोच लावायचा, पुन्हा निवडायचा, असं पिढ्यान् पिढ्या चाललं.

तिथं रात्री कडक थंडी आणि दिवसा ऊन. याचा उपयोग त्या लोकांनी फार हुशारीनं केला. रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. सकाळी उन्हात मऊ झाले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की बटाटा वाळून खडखडीत होतो. त्याला 'चुन्यो' म्हणतात, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आपण उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस करून डबे भरतो. तसंच हे डोंगरातलं वाळवण.

आणि वाण तरी किती! पांढरे, पिवळे, जांभळे, आतून लाल, लांबट, गोल, अननसासारखे खवल्यांचे. त्यातल्या एका वेड्यावाकड्या, गाठीगाठींच्या बटाट्याचं तिकडच्या क्वेचुआ भाषेतलं नाव ऐका. त्याचा अर्थ होतो 'सुनेला रडवणारा'. नव्या सुनेला तो सोलायला द्यायचा आणि तिचा हात किती सफाईदार आहे ते सासूनं बघायचं! म्हणजे सात समुद्रांपलीकडंही सासवा सासवाच.

हसण्यावारी नेऊ नका, यातच एक मोठं शहाणपण आहे. तिकडचा शेतकरी एकाच तुकड्यात कितीतरी वाण मिसळून लावतो. कुठला दवात टिकतो, कुठला कमी पाण्यात येतो, कुठला रोगाला दाद देत नाही. वर्ष कसंही जावो, काहीतरी पदरात पडतंच. पेरूची राजधानी लिमा इथं १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र सुरू झालं. तिथं आज चार हजारांहून जास्त वाण सांभाळून ठेवले आहेत. कुस्को भागातल्या काही गावांनी मिळून आपल्या जमिनीवर 'बटाट्याचं उद्यान' केलं, आणि त्यांच्या शेतांतून नाहीसे झालेले वाण २००४ साली केंद्राशी करार करून परत मागून घेतले. माहेरचं बियाणं माहेरी परत आलं म्हणा ना.

नाक मुरडणारे आणि पीठ करणारी

साधारण १५७० च्या सुमारास बटाटा स्पेनला पोचला. पण युरोपातल्या लोकांनी बराच काळ त्याला घरात घेतलं नाही. झाड धोतऱ्याच्या कुळातलं, जमिनीखाली वाढणारं, दिसायला ओबडधोबड. जनावरांना घाला म्हणाले. १७५६ साली प्रशियाच्या राजाला हुकूम काढून शेतकऱ्यांना बटाटा लावायला सांगावं लागलं.

याच काळातली एक बाई मला फार आवडते. स्वीडनमधली एव्हा एकेब्लाड. तिनं १७४६ साली बटाट्यापासून पीठ आणि दारू कशी करायची हे शोधून काढलं. तुम्ही म्हणाल, दारू? त्यात काय कौतुक? कौतुक असं की तेव्हा तिकडं धान्याची दारू पाडायचे आणि भाकरीला धान्य अपुरं पडायचं. दारूला बटाटा वापरला तर धान्य भाकरीसाठी उरणार होतं. १७४८ साली स्वीडनच्या राजेशाही विज्ञान अकादमीनं तिला सदस्य करून घेतलं. ती तिथली पहिली बाई. वय होतं चोवीस. आणि १७५१ साली 'बाई आहे' म्हणून तिचं पूर्ण सदस्यत्व काढून नुसतं मानाचं केलं. ग्रामसभेत खुर्ची मिळते पण बोलायला मिळत नाही, तसलंच.

आयर्लंड : एकच वाण, एकच आधार

आता त्या देशाकडं येऊ. इंग्लंडच्या पश्चिमेला आयर्लंड नावाचं बेट आहे. तेव्हा त्यावर इंग्रजांचं राज्य होतं. जमिनी मोठ्या जमीनदारांच्या, त्यातले पुष्कळ इंग्लंडात राहणारे. कसणारा आयरिश माणूस खंडानं जमीन घ्यायचा. धान्य पिकवायचं, डुकरं पाळायची, ते विकून खंड भरायचा, आणि घरच्यांच्या पोटाला उरलेल्या तुकड्यात बटाटा लावायचा.

बटाटाच का? कारण तेवढ्याशा जागेत दुसरं कुठलंच पीक इतकं पोट भरत नाही. एक-दीड एकरात वर्षभर कुटुंब निघायचं. ज्यांच्याकडं नांगर-बैल नाही ते फावड्यानंच लावायचे. जमिनीवर बियाणं मांडायचं, वर शेणखत किंवा समुद्राचं शेवाळ टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी माती उकरून वर ओढायची. आपण गोणीत जे करतो त्याची ही थोरली बहीण. बटाट्याच्या जोडीला ताक-दूध मिळालं की अन्न बऱ्यापैकी पुरं व्हायचं. कष्टकरी गडी दिवसाला पाच किलोच्या आसपास बटाटे खायचा. देशातली तिसरा हिस्सा माणसं जवळजवळ बटाट्यावरच जगत होती.

आणि त्यातल्या गरिबांचा वाण एकच : 'लंपर'. चवीला पाणचट, पण हलक्या जमिनीतही भरपूर यायचा.

इथं एक गोष्ट समजून घेऊ. बटाटा आपण बीपासून लावत नाही. बटाट्याचाच तुकडा लावतो. त्यावरचा डोळा म्हणजे कोंब. त्यातून जे झाड येतं ते हुबेहूब आधीच्या झाडासारखं. म्हणजे देशभरातली लाखो लंपरची झाडं ही जणू एकाच आईची जुळी लेकरं होती. एकाला जो रोग मारेल, तो सगळ्यांना मारणार.

१८४५ च्या सप्टेंबरात तो आला. अमेरिकेकडून जहाजांतल्या बटाट्यांबरोबर आलेला करपा. ओल्या, थंड हवेत तो वाऱ्यावर पसरतो. आमच्या गोण्यांत आला तोच हा. त्या वर्षी पिकाचा मोठा हिस्सा गेला. लोकांनी कसंबसं भागवलं. १८४६ साली जवळजवळ सगळंच पीक गेलं. मग घराघरांत जे झालं ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो : लोकांनी बियाण्याला ठेवलेले बटाटे खाल्ले. १८४७ साली रोग कमी होता, पण लावायला बियाणंच नव्हतं. १८४८ साली लावलं, तर करपा पुन्हा आला.

बियाणं शिजवताना त्या घरातल्या बाईच्या मनात काय आलं असेल? पुढच्या वर्षाचं पोट आज चुलीवर ठेवायचं. पण समोर पोर रडतंय. काय करणार ती?

मैत्रिणींनो, करपा हा रोग आहे. रोगानं पीक जातं. पण माणसं मरायला नुसता रोग पुरत नाही. त्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून ओट धान्य, लोणी, जनावरं भरून जहाजं इंग्लंडला जातच होती. कारण ते धान्य खंडाचं होतं, पिकवणाऱ्याचं नव्हतं. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते बांधायचे, खडी फोडायची. बायका आणि पोरंही खडी फोडायला बसली. आपल्याकडं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या अजून आहेत, त्यांना विचारा, उपाशी पोटी हातोडा कसा उचलतात. ७२ ला निदान सुकडी मिळाली, तांबडा मिलो मिळाला, रोजगार हमीची वाट खुली झाली. आयर्लंडात अंगात त्राण नसलेल्या माणसांना कामावर मजुरी मिळायची ती धान्याच्या चढलेल्या भावाला पुरायची नाही.

मग १८४७ साली कायद्यात एक कलम आलं. ज्याच्याकडं पाव एकराहून जास्त जमीन आहे, त्याला सरकारी मदत नाही. मदत हवी असेल तर जमीन सोडा. पाव एकर म्हणजे आपल्या हिशेबानं दहा गुंठे. दहा गुंठ्यांच्या वर एक वाफा असला तरी निवड करायची : जमीन ठेवून उपाशी मरायचं, की जमीन सोडून लापशीच्या रांगेत उभं राहायचं. हजारो कुटुंबांनी जमीन सोडली. पुष्कळांची घरंही पाडली गेली. जमीन एकदा गेली ती कायमची.

१८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडात ८१ लाखांवर माणसं होती. १८५१ साली उरली ६५ लाख. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापासारख्या रोगांनी मेली. त्याहून जास्त जहाजांत बसून परदेशी गेली. कलकत्त्यातही त्यांच्यासाठी निधी गोळा झाला होता. आपल्याच देशात दुष्काळ पडत होते, तरी इथूनही पैसा गेला.

म्हणून मी म्हणते, आयर्लंडला बटाट्यानं मारलं असं म्हणणं अर्धं खरं आहे. बटाट्यानं तर त्यांना शंभर वर्षं जगवलं होतं. मारलं ते तीन गोष्टींनी मिळून : सगळीकडं एकच वाण, पोटाला एकच आधार आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर.

तळघरातले बटाटे

याच्या उलटी एक गोष्ट रशियातली आहे. लेनिनग्राड शहरात पिकांच्या बियाण्यांची मोठी संस्था होती. वाविलोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं जगभर फिरून वाण जमवले होते, बटाट्याचेसुद्धा. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्यानं शहराला वेढा घातला. तो १९४४ च्या जानेवारीपर्यंत, ८७२ दिवस चालला. शहरात खायला काही उरलं नाही. लाखो माणसं उपासमारीनं गेली.

धान्याचं बी डब्यात राहतं. बटाट्याचं तसं नाही. तो गोठला की संपला आणि वर्षाच्या वर्षाला जमिनीत लावलाच पाहिजे. गोळ्यांच्या माऱ्यात शेतातून काढून आणलेले ते बटाटे तळघरात ठेवले होते. ओल्गा व्होस्क्रेसेन्स्काया नावाची शास्त्रज्ञ बाई आणि तिचा सहकारी अब्राहम कामेराझ यांनी ते जपले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. जळण मिळेल तसं गोळा करून तळघर उबदार ठेवायचं, उंदरांवर नजर ठेवायची. आणि स्वतः उपाशी. समोर बटाट्यांची रास, त्यातला एकही चुलीवर गेला नाही. त्या संस्थेतली कितीतरी माणसं बियाण्यांच्या पेट्यांशेजारी भुकेनं मेली, पण बियाणं त्यांनी खाल्लं नाही.

आयर्लंडच्या आईनं बियाणं शिजवलं म्हणून ती चुकली का? नाही. तिच्यावर ती पाळी आली, हे चुकलं. बियाणं राखायचं काम एकट्या उपाशी घराचं नाही, सगळ्यांनी मिळून करायचं आहे, हे मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं.

त्याच महायुद्धात इंग्लंडमध्ये सरकारनं घरोघरी भाजी-बटाटे लावायची मोहीम काढली. लोकांनी अंगणं खणली, बागा खणल्या, लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकातही वाफे झाले. बर्लिन शहरात युद्ध संपल्यावर भर शहरातली मोठी बाग खणून तिथं बटाटे लावले. अडचणीच्या वेळी माणूस थोड्याशा मातीकडं वळतो, आणि तेवढ्या मातीत बटाटा साथ देतो.

आपल्या मातीत

आपल्याकडं कोकणपट्टीच्या बंदरांतून आलेला बटाटा इंग्रजांच्या काळात डोंगराळ थंड भागांत आणि मग उत्तरेच्या सपाट मुलखात पसरला. पण युरोपातले वाण आपल्या हवेला नीट मानवत नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली, ती पुढं १९५६ साली सिमल्याला गेली. हिमाचलात कुफरी नावाचं गाव आहे, तिथं नवे वाण तयार व्हायचे. म्हणून आपल्या वाणांची नावं कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी सिंदुरी, कुफरी पुखराज अशी. दुकानदार नुसतं 'ज्योती' किंवा 'पुखराज' म्हणतो. आज जगात चीनच्या खालोखाल बटाटा भारतात पिकतो.

बियाणं मात्र पंजाबातून का येतं, हे पुष्कळ जणी विचारतात. त्याचं कारण मावा. हा बारीक किडा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो आणि रोग वाटत फिरतो. असा रोग बटाट्यात मुरला की दरवर्षी पीक खालावत जातं. उत्तरेच्या मैदानात हिवाळ्याच्या सुरुवातीला मावा कमी असतो. त्या दिवसांत बियाण्याचं पीक घ्यायचं, मावा वाढायच्या आत झाडाचा पाला कापून टाकायचा, ही पद्धत आपल्या शास्त्रज्ञांनी बसवली आणि बियाणं देशातच होऊ लागलं. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, त्यालाही बियाणं पंजाबचं येतं. त्या भागात काढलेला बटाटा झाडाच्या सावलीत रास करून, वर पालापाचोळा घालून ठेवायची जुनी रीत आहे, तिला अरण म्हणतात. शीतगृहं नव्हती तेव्हा अरणच शीतगृह होतं.

आता गोणी

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बटाट्याला थंड रात्री लागतात. आपल्याकडं ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर ही लावायची वेळ. गोणी, तेलाचा डबा, फुटकी बादली, काहीही चालेल, पण तळाला भोकं हवीत. पाणी तुंबलं की कंद सडला. ऊन निदान सहा तास लागावं.

बियाणं कोंबडीच्या अंड्याएवढं, कोंब डोकावलेलं घ्या. मोठा बटाटा असेल तर प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवून कापा, कापलेल्या बाजूला राख लावा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या. गोणीची कड दुमडून खाली आणा. तळाला वीतभर माती आणि कुजलेलं शेणखत भरा. कच्चं शेण नको. एका गोणीत दोन किंवा तीनच फोडी, डोळे वर करून, आणि वर चार बोटं माती.

झाड वीतभर झालं की शेंड्याची पानं उघडी ठेवून बाजूनं माती आणि पाला टाका, गोणीची कड वर घ्या. असं दोनदा करा. बटाटा हे मूळ नाही, तो जमिनीखालच्या फांदीला आलेला फुगीर गड्डा आहे. म्हणून मातीची भर लागते. उन्हाला उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो. हिरवा बटाटा विषारी असतो, तो खायचा नाही, पोरांनाही द्यायचा नाही. झाडाला टोमॅटोसारखी हिरवी फळं येतात, तीही विषारीच.

पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. गोण्या एकमेकींना खेटून ठेवू नका, वारा खेळू द्या. टोमॅटोच्या शेजारी तर नकोच, करपा दोघांनाही होतो. काळे डाग दिसले की ती पानं लगेच काढून जाळा. नव्वद-शंभर दिवसांत पाला पिवळा पडतो. आठ-दहा दिवस पाणी तोडा आणि मग गोणी आडवी करा. पोरांना बोलवा तेव्हा, त्यांना सोनं सापडल्यासारखं होतं.

किती येतात? आमच्याकडं एका गोणीत दीड-दोन किलो आले. गोणीभर बटाटे येतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गोणीनं वर्षाचा बाजार वाचत नाही. पण घरात पैसे नसतात त्या आठवड्याला भाजी निघते, आणि ती भाजी तुमच्या हातची असते.

आमच्या गटानं त्या फजितीनंतर तीन नियम केले. पहिला, गटात एका वाणाचं बियाणं घ्यायचं नाही. निम्म्या जणींनी एक, निम्म्या जणींनी दुसरा, आणि कुणाच्या माहेरी तिसरा असेल तर तोही. दुसरा, ज्या गोणीत रोग आला तिथले बटाटे बियाण्याला ठेवायचे नाहीत, आणि दोन हंगामांनी बियाणं बदलायचं. तिसरा, परसात नुसता बटाटा नको. एका गोणीत मेथी, एकीत वांगं, कुंपणाला घेवडा. एक गेलं तरी दुसरं असतं. आंदीजच्या डोंगरातल्या बायकांना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं, आम्हाला अकरा जणींच्या गोण्या गेल्यावर कळलं.

आणि जाता जाता एक विचारते. या आठवड्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना विचारा : तुमचं घर आणि परसाची ती जागा कुणाच्या नावावर आहे? उताऱ्यावर तुमचं नाव आहे का? आयर्लंडच्या बायकांनी माती खणली, बटाटे लावले, पोरं वाढवली, आणि एका कलमानं ती माती त्यांच्या हातून गेली. गोणी तर आपण उचलून दुसरीकडं नेऊ. गोणीखालच्या जमिनीचं काय?

पुढच्या वेळी याच उताऱ्यावर नाव लावण्याबद्दल बोलू. तोवर ज्यांनी गोण्या लावल्या आहेत त्यांनी आपापल्या गोणीचं कसं चाललंय ते आम्हाला कळवा.